धुऊन ठेवू की फेकून देऊ?

*ताई, नमस्कार. वसमतजवळच्या एका खेड्यातून लिहिते. पाच महिन्यांमागं माझ्या सासऱ्यांना लकवा मारला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वय ६८, उजवी बाजू गेली. शुगर जुनी आहे, बिडीमुळं दमाही आहे. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा लघवीची नळी, पिशवी, वॉकर, वाफेचं मशीन, करंटच्या पट्ट्यांचं छोटं मशीन, शुगर बघायचं मशीन, हवेची गादी असं सगळं बरोबर आलं. तेव्हापासून घरात रोज वाद. सासूबाई काहीच फेकू देत नाहीत; पिशव्या, सिरिंजा, मास्क धुऊन लोखंडी पेटीत ठेवतात. दीर म्हणतात, 'एकदाच वापरा' हे कंपनीनं धंद्यासाठी लिहिलेलं असतं, उकळलं की झालं. मी फेकते म्हणून मी उधळी. शेजारच्या काकू नातवासाठी वाफेचं मशीन मागतात, त्यांना नाही म्हणायची चोरी. आणि गेल्या आठवड्यात उकिरड्यावर शेण टाकताना माझ्याच टाचेत मामांची सुई घुसली. काय ठेवावं, काय टाकावं, एकदाचं सांगा. — तुमची एक वाचक*

ताई, तुम्हालाही ताईच म्हणते. पत्रातली सुईची ओळ वाचली आणि आधी तुमच्या नंबरावर फोन केला, बाकीचा विचार नंतर. फोनवर बोलले ते इथं पुन्हा लिहिते, कारण उकिरड्यावर जाणारी टाच काही तुमच्या एकटीची नाही.

वापरलेली सुई टोचली की ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची. पिळून रक्त काढायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही, चुना-हळद भरायची नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधाच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या उपयोगी; दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तास उलटल्यावर देत नाहीत. 'ब' काविळीची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का ते डॉक्टर ठरवतात. तुमचा आठवडा उलटून गेला होता, त्यामुळं गोळ्यांचा विषय मागं पडला. पण तुमची आणि मामांची रक्ततपासणी, तुमची लस झाली होती का याची चौकशी, हे अजूनही करायचं आहे. 'उद्या जाते' म्हणालात. गेला असाल असं धरते.

आता भांडणाकडं वळू. सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, तुम्हीही अर्ध्या बरोबर आहात. दीर मात्र चुकलेत. पण त्यांचं म्हणणं कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावात सायकलवरून कंपाउंडर यायचे. स्टीलची लांबट डबी, तिच्यात काचेची सिरिंज आणि दोन-तीन जाड सुया, खाली स्पिरिटचा दिवा. पाण्याला बुडबुडे येईपर्यंत आम्ही पोरं दारामागं लपायचो. तीच सुई मग गल्लीभर फिरायची. उकळलं की झालं, हे तिथलं शिक्षण. पण ती सिरिंज काचेची होती, सुई धार लावण्याइतकी जाड होती. आणि तरीसुद्धा घाईत अर्धंमुर्धं उकळलेल्या सुयांनी कावीळ पसरवली, कारण उकळल्यानं सगळंच मरतं असं नाही. आजची प्लॅस्टिकची सिरिंज उकळली तर दट्ट्या फुगतो, आकडे पुसतात, आणि नळीच्या आतल्या सांदीतलं रक्त शिजून तिथंच बसतं. कंपनीचा धंदा असतो, नाही कसा. पण या एका गोष्टीत कंपनी खरं बोलते आहे.

खोक्यावर बघा. गोलात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ मारलेली दिसेल. त्याचा अर्थ दुसऱ्यांदा वापरू नका. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ही खूण सासूबाईंना दाखवता येते. खूण नसलेल्या वस्तूंसाठी मी तीस वर्षं लोकांच्या ओसरीवर फिजिओथेरपी करताना एकच प्रश्न विचारत आले: ही वस्तू माणसाला कुठं लागते? नुसत्या धड कातडीला लागत असेल तर धुवा, वाळवा, पुन्हा वापरा, दुसऱ्यालाही द्या. तोंड, नाक, लघवीची वाट अशा ओल्या जागी लागत असेल तर ती त्या एकाच माणसाची. सांगितलेत तितके दिवस, सांगितली तशी स्वच्छ करून. रक्तापर्यंत जात असेल तर एकदाच. ही अक्कल माझी नाही. एर्ल स्पॉल्डिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं गेल्या शतकात हीच वर्गवारी मांडली आणि दवाखान्यांत आजही ती चालते. कातडी, ओल, रक्त. तुमची पेटी याच तीन शब्दांवर उपसायची आहे.

रक्तापासून सुरू करू. इन्सुलिनची सिरिंज आणि बोट टोचायची बारीक सुई या दोन्ही एकदाच वापरायच्या. पुष्कळ घरांत एकाच माणसाला तीच सिरिंज दोन-तीन दिवस चालवतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, नाही म्हणून कुणाला पटायचं? पण का नको ते ऐका. ही सुई केसासारखी बारीक असते, पहिल्याच टोचण्यात तिचं टोक वाकतं. तिच्यावरचा गुळगुळीत थर जातो. मग दुखतं, आणि पोटावर एकाच जागी गाठी होतात. त्या गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. मग शुगर का हलते म्हणून आपण भाताला दोष देत बसतो. मामांच्या पोटावरून हात फिरवून बघा, सुपारीएवढं काही लागतं का. लागलं तर ती जागा सोडा आणि डॉक्टरांना सांगा. खर्च झेपत नसेल तर सरकारी दवाखान्यात इन्सुलिनबरोबर सिरिंजचंही विचारा, लाजू नका. आणि दुसऱ्या माणसाला ती सुई कधीच नाही. सख्ख्या भावालाही नाही.

इथंच एक सांगून ठेवते, कारण तुमच्या पेटीत वेगवेगळ्या दुकानांतल्या सिरिंजा एकत्र पडलेल्या असणार. इन्सुलिनची बाटली ४० ची असते किंवा १०० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये इतके युनिट. सिरिंजही तशीच. आपल्याकडं लाल टोपण ४० चं, केशरी टोपण १०० चं. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत घेतलं तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट झालं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर त्याच २० च्या रेघेला ५० युनिट गेले. रात्री झोपेत माणूस घामानं भिजून बेशुद्ध पडायला तेवढं पुरतं. जपून ठेवलेल्या सिरिंजांचा हा धोका जंतूंपेक्षा मोठा आहे. आज बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून बघा, मग पुढचं वाचा.

बोट टोचायच्या पेनाबद्दल. दिवाळीला पाहुणे जमले की 'बघू बरं माझी किती' म्हणत ओळीनं बोटं पुढं येतात, ही आपल्याकडची नवी करमणूक झाली आहे. आतली सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाला रक्त लागलेलं असतं. ते पेन मामांचं, फक्त मामांचं. पाहुण्यांना तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता दाखवा. शुगर बघायच्या पट्ट्या बहुतेक ३० अंशांच्या आत ठेवायला सांगितलेल्या असतात आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२ होतं. पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेली बाटली म्हणजे भट्टीत ठेवलेली बाटली. झाकण घट्ट लावून आतल्या खोलीत, खाली, कोरड्या जागी ठेवा. इन्सुलिनला फ्रिज नसेल तर एकात एक दोन मडकी, मधल्या फटीत ओली वाळू, आणि आत कोरड्या डबीत बाटली. हा उपाय चांगला चालतो. तपासण्याआधी मामांचं बोट साबणानं धुऊन कोरडं करा. केसर आंबा चोखलेल्या बोटावर शुगर तीनशेच्या वर दिसलेली मी पाहिली आहे. बोट धुऊन पुन्हा बघितली तर दीडशे. घरात तोवर रडारड सुरू झाली होती.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर गेल्या कशा, हे तुमच्या पत्रात नाही, पण शेणाच्या पाटीतून गेल्या असाव्यात. फिनेलचा नाहीतर तेलाचा रिकामा जाड कॅन घ्या. टोचून झालं की सुईला टोपण न लावता, न वाकवता, सिरिंजसकट सरळ कॅनमध्ये. टोपण लावतानाच जास्त बोटं टोचली जातात. कॅन पाऊण भरला की झाकण लावून चिकटपट्टीनं बंद करा, वर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहा. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजा हा घातक कचरा म्हणून वेगळा काढायला सांगितला होता. तुमच्याकडं घंटागाडी येत नाही, म्हणून आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लसीकरणाच्या सुया त्यांना टाकाव्याच लागतात, त्याच सोयीत तुमचा कॅन घेतात का ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना नीट बोलून ठरवा. चुलीत टाकू नका. सिरिंज जळते, सुई राखेत राहते, आणि राख भांडी घासायला जाते.

आता ओल. लघवीची नळी आणि पिशवी.

फोनवर तुम्ही म्हणालात, पिशवी खाटेशेजारच्या खुंटीला अडकवतो, खाली ठेवली तर मांजर ओढतं. ताई, खुंटी काढा. पिशवी नेहमी मामांच्या ओटीपोटाच्या खाली हवी, नाहीतर पिशवीतली शिळी लघवी उलटी मूत्राशयात जाते. जीपमधून दवाखान्यात नेतानाही लोक पिशवी पेशंटच्या मांडीवर ठेवतात, तेही नको. खाटेच्या खालच्या पट्टीला हुकानं लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. मांजरासाठी दुसरा काही बंदोबस्त करा. पिशवी अर्ध्याहून जास्त भरली की खालच्या तोटीतून रिकामी करायची, आधी आणि नंतर हात धुवायचे, आणि साधारण आठवड्यानं पिशवी बदलायची. ती धुऊन ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून पुन्हा लावण्यात वाचतं काय? नळी आणि पिशवीचा जोड जितक्यांदा सोडाल तितक्यांदा जंतूंना दार उघडाल. जोड सोडायचाच नाही, हा यातला सगळा मंत्र. नळी रबराची असेल तर तीन-चार आठवड्यांत, सिलिकॉनची असेल तर बारा आठवड्यांपर्यंत, दवाखान्यातल्या सिस्टरकडूनच बदलून घ्यायची. नळी जिथून आत जाते ती जागा रोज साबण-पाण्यानं धुवायची. वसमतच्या हळदीचं नाव मोठं आहे, पण तिथं ती लावायची नाही. पावडर, स्पिरिटही नाही.

आणि खरं विचाराल तर माझा प्रश्न वेगळाच आहे. पाच महिने झाले, मामा बोलतात, लघवी लागल्याचं त्यांना कळतं असं तुम्ही म्हणालात. मग नळी अजून का आहे? दवाखान्यातून येताना कुणी काढली नाही म्हणून राहिली, असं फार घरांत होतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, काढून बघायची का? मनानं ओढून काढू नका, आत पाण्याचा फुगा असतो. निघाली तर प्लॅस्टिकचं लघवीचं भांडं घ्या. दर तीन तासांनी समोर धरायचं, लघवी झाली की धुऊन उन्हात पालथं घालायचं. इतकं स्वस्त आणि बिनधोक साधन या अख्ख्या यादीत दुसरं नाही, आणि मामांची लाजही राहते.

डायपरचंही तेच. रात्री लावा, प्रवासात लावा. दिवसा जुन्या सुती लुगड्याच्या घड्या चालतात. उकळत्या पाण्यात साबण टाकून धुवायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. मराठवाड्यात एक गोष्ट फुकट आणि भरपूर आहे ती ऊन, कापडापुरतं त्याचं सोनं करा. डायपर मात्र वाळवून पुन्हा लावायचा नाही. घाण आधी संडासात टाका, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा. खेड्यात पुढं त्याचं काय करायचं याला धड उत्तर नाही. जाळला तर विषारी धूर, पुरला तर वर्षानुवर्षं तसाच, कुत्र्यानं ओढला तर गल्लीभर. कमी वापरणं एवढंच आपल्या हातात आहे.

वाफेच्या मशीनकडं येते, कारण काकू दारात उभ्या असतील. मुळात त्यातून वाफ येत नाही, औषधाचं बारीक धुकं येतं. म्हणून त्यात ओवा, निलगिरी, बाम असलं काही घालायचं नाही; तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियाची तयारी झाली समजा. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि सांगितलं असेल तर सलाइन, बस. मशीनचे दोन भाग धरा. डबा म्हणजे हवा फेकणारा पंप, तो देता येतो. औषधाची वाटी आणि मास्क नाही देता येत, ती मामांच्या तोंडा-नाकाची ओल आहे. काकूंना सांगा, नातवाचा वाटी-मास्कचा संच मेडिकलमधून आणा, लहान मुलाचा मास्क तसाही लहान लागतो, मशीन आमचं घेऊन जा. आधी लेकराला डॉक्टरांना दाखवा, मामांचं औषध त्याला नाही. नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं जाईल.

प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर वाटी सुटी करून साबणाच्या पाण्यात धुवा, खळखळून घ्या, झटकून स्वच्छ कापडावर उघडी वाळू द्या. शेवटचं पाणी उकळून गार केलेलं, गाळणीचं असलं तर बरंच. तुमच्याकडं बोअरचं पाणी असणार, भांड्याला पांढरा थर धरणारं. वाटीतल्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात तोच क्षार बसतो, आणि दहा मिनिटांत संपणारं औषध अर्धा तास धुमसत राहतं. असं व्हायला लागलं की वाटी बदलायची वेळ झाली. साधा संच काही आठवड्यांचा पाहुणा असतो, 'पुन्हा वापरण्याजोगा' लिहिलेला महागडा काही महिने टिकतो. उकळायचा की नाही ते त्याच्या कागदावर असतं. पंपाच्या बाजूला स्पंजासारखी गाळणी असते, ती काळी पडली की बदला. एक गोष्ट डॉक्टरांना विचाराच: मामांना तोंडानं ओढायचा पंप, म्हणजे इन्हेलर, आणि स्पेसर जमेल का? स्पेसर म्हणजे तो प्लॅस्टिकचा पोकळ फुगीर नळा. लाइट लागत नाही, वर्षभर टिकतो, महिन्या-पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता निथळत ठेवायचा. पुसला की प्लॅस्टिकला करंट धरतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. लाइटच्या भरवशावर दमा ठेवण्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

उरलेलं सगळं कातडीचं, आणि इथं सासूबाईंचा हात मोकळा सोडा. वॉकर, काठी, हवेची गादी, कमरेचा पट्टा, क्रेप बँडेज या वस्तू जपायच्याच असतात. क्रेप बँडेज साबणानं धुतलं की त्याचा ताण परत येतो, सावलीत वाळवा, गुंडाळी करा. ओढल्यावर परत येईनासं झालं की त्याचं फडकं करा. पट्टे, नीकॅप यांचंही तसंच. मामांच्या पावलासाठी जी प्लॅस्टिकची पट्टी बनवली आहे ती मात्र त्यांच्याच मापाची. दुसऱ्याच्या पायाला घातली तर फोड येतील. काढल्यावर कातडीवर लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर मामांच्याही मापात काही चुकलं आहे, दाखवून घ्या.

हवेच्या गादीवर तीन वाकळा घालू नका, एक पातळ चादर पुरे. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका, दर दोन तासांनी बदलायचीच. लाइट गेली की पंप थांबतो, गादी बसते, आणि मामा खाटेच्या फळीवर येतात. हे अंधारात कुणाच्या लक्षात येत नाही.

करंटच्या पट्ट्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, माझा धंदाच तो. एका घरी मशीन चालत नाही म्हणून मला बोलावलं. पट्टी हळदी-कुंकवाच्या डबीत ठेवलेली, चिकट बाजूवर कापसाचे तंतू, छातीचे केस, कुंकू, सगळं गुळाला मुंग्या लागाव्या तसं बसलेलं. मशीन चांगलं होतं, पट्टी मेली होती. चिकट जेलच्या पट्ट्या वीस-तीस वेळा चालतात. कातडी आधी साबणानं पुसून कोरडी करायची, तेल लावलेल्या अंगावर चिकटवायची नाही. झाल्यावर तिच्या मूळच्या प्लॅस्टिकच्या कागदावर परत लावून पाकिटात बंद. कोरडी पडली तर बोटानं पाण्याचा एक थेंब फिरवा; स्पिरिट नको. अर्धवट चिकटलेली पट्टी एकाच कोपऱ्यात करंट सोडते आणि तिथं भाजतं. जास्त दिवस वापर असेल तर काळ्या रबराच्या पट्ट्या घ्या, वरून जेल लावायचं, टेपनं बसवायच्या, धुवायच्या. महिनोन्महिने जातात. छातीत पेसमेकर असेल तर हे मशीन नको, गळ्यावर नको, जखमेवर नको, आणि जिथं मामांना स्पर्श कळत नाही तिथं नको. आणखी एक, तुमच्या घरात हा गैरसमज दिसतो म्हणून: हे मशीन दुखणं कमी करतं, गेलेली ताकद परत आणत नाही. दिवसातून चारदा वीस मिनिटं मशीन लावून हात हलवायचाच राहिला, तर त्यात कुणाचाच फायदा नाही. लकव्याला सहावा महिना लागलाय, मामांचे हात-पाय चालवायचे हे दिवस आहेत.

त्यासाठी बाजारातलं फारसं लागतही नाही. रबराच्या रंगीत पट्ट्या ओढायला देतात, पिवळी हलकी, पुढं लाल, हिरवी, निळी, काळी. आपल्या उन्हात त्या लवकर तडकतात. ऊन रबराचा काळ. सायकलची जुनी ट्यूब कापून धुऊन घेतली की तेच काम होतं, फक्त व्हॉल्व्हचा भाग काढा आणि रोज ओढून बारीक चीर आहे का बघा, तुटली तर तोंडावर बसते. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन. माळवदाच्या कडीला कप्पी-दोर बांधून लुळा हात वर ओढायचा मात्र नाही, खांदा दुखावतो. व्यायाम कोणता, किती वेळा, कुठपर्यंत, ते तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्या. लुळ्या हाताला धरून मामांना उठवूही नका, खांदा उतरतो.

शेकायच्या रबरी पिशवीबद्दल मी घाबरटच आहे. एका बाईंनी जीव लावून नवऱ्याच्या लुळ्या पायाला रात्रभर पिशवी बांधली. सकाळी उघडलं तर घोट्यावर पपईच्या सालीसारखी कातडी निघाली. त्यांना भाजल्याचं कळलंच नव्हतं. मामांची उजवी बाजू आणि शुगरवाले दोन्ही तळपाय यांना शेक नाही. डावा खांदा शेकायला सांगितला असेल तर पाणी उकळतं नको, पिशवी दोन-तृतीयांश भरा, हवा काढून टोपण लावा, टॉवेलात गुंडाळा, आधी आपल्या कोपराला लावून बघा, पंधरा मिनिटं. गळ्याशी चिरा पडलेली पिशवी फेका, सासूबाई काही म्हणोत.

तर पेटी. एखाद्या दुपारी सासूबाईंना शेजारी बसवून उपसा, त्यांच्या मागं नको. त्या कंजूष नाहीत. ज्या बाईनं टँकरच्या रांगेत उन्हाळे काढले ती धुतलेलं काही टाकू शकत नाही. सिरिंजा, वापरलेल्या पिशव्या, जुने मास्क त्यांच्याच हातानं बाजूला काढू द्या. पट्टे, बँडेज, लुगड्यांच्या घड्या परत पेटीत. पैशांचं म्हणाल तर मामा ६५ च्या वर आहेत. घरचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात येतात. हिंगोलीला समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात चौकशी करा. अपंगत्वाचा दाखलाही काढून घ्या. कानपूरच्या अॅलिमको या सरकारी कंपनीच्या साधनांची वाटप शिबिरं होतात, तिथं तो कामाला येतो.

वॉकर राहिला. मामांना पारापर्यंत जायचंय म्हणालात ना? ते उभे राहिले, हात सैल सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर जरासा वाकतो. आता तो उलटा करून चारी पायांची रबरी बुटं बघा. तळ घासून धातू दिसायला लागला असेल, तर शेणानं सारवलेल्या अंगणात तो बर्फावर घसरावा तसा घसरेल. बुटं सुटी मिळतात, नेताना जुनं एक मापाला बरोबर घ्या.